दुसऱ्यांदा घर घेताना : बेळगावातलं आमचं एक वर्ष

गेल्या नोव्हेंबरात आमच्या नव्या घराची खरेदी झाली आणि या महिन्यात हेस्कॉमचं विजेचं बिल एकदाचं आमच्या नावावर आलं. म्हणजे व्यवहार संपला म्हणायला आता हरकत नाही. पहिलं घर घेणाऱ्याला सल्ला द्यायला सगळं गाव तयार असतं. ज्यांचं एक घर आहे आणि ते विकून दुसरं घ्यायचं आहे, त्यांना मात्र 'तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही घर घेतलेलं आहे की' एवढं ऐकवून लोक मोकळे होतात. आम्ही पहिलं घर घेतलं ते २००४ साली. तेव्हाचा अनुभव घरं बघताना कामाला आला. कागदांच्या आणि पैशांच्या बाबतीत तो जवळजवळ निरुपयोगी ठरला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. सगळं बेळगाव शहरातलं आहे, पण खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

भाग्यनगरात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता, लिफ्ट नसलेला. साडेसात लाखांना घेतलेला. नवरा उद्यमबागेत एका फाउंड्रीत, मी एका शाळेच्या ऑफिसात, मुलगी पुण्याला. सासूबाईंच्या गुडघ्यांनी पार असहकार पुकारल्यावर त्या जिना उतरायच्या त्या फक्त डॉक्टरकडे जायला. २०२५ ची संक्रांत झाली आणि तळमजल्यावरचं घर बघायचं नक्की झालं.

घर कसं हवं याची यादी आम्ही केली नाही. आहे त्या घरात काय काय डोक्याला ताप देतं, ते लिहून काढलं. हा सल्ला मी कुणालाही देईन, कारण एकवीस वर्षं राहिलेल्या माणसाकडेच ही यादी असते. जिना हा झालाच. पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओलावते. चार महिने कपडे कुठे वाळत घालायचे, हा प्रश्न. बेळगावचा पाऊस ज्याने काढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. स्वयंपाकघराला वारा नाही. बाथरूमचा उंबरठा इतका उंच की सासूबाईंना दरवेळी कुणीतरी हात द्यायचा. आणि फाउंड्रीतून येता-जाता तिसऱ्या रेल्वे गेटला नवऱ्याचा जाणारा वेळ. पुढे कुठलंही घर बघितलं की घरी येऊन ही वही उघडायची. मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग बघून माणूस हुरळतो, तो वही उघडली की जमिनीवर येतो.

घरं बघायला लागण्याआधी आमच्या वकिलांनी एक काम सांगितलं. स्वतःचा फ्लॅट आपणच विकत घेतोय असं समजून त्याचे कागद तपासा. फेब्रुवारीत बसलो. खरेदीपत्र होतं, घरपट्टीच्या पावत्या होत्या. मग ईसी काढला, म्हणजे मिळकतीवरच्या बोजांचा आणि व्यवहारांचा दाखला. नोंदणी खात्याच्या 'कावेरी' वेबसाइटवर २००४ च्या अलीकडचा ईसी ऑनलाइन मिळतो, त्याआधीचा हवा तर सब-रजिस्ट्रार कचेरीत अर्ज द्यावा लागतो. बोजा किंवा व्यवहार असतील तर नमुना १५ येतो, काहीच नसेल तर नमुना १६. आमच्या नमुना १५ मध्ये एका पतसंस्थेचं गहाणखत अजून उभं होतं! कर्ज २०१६ लाच फिटलेलं, मूळ कागद घरात, नो-ड्यूजचं पत्रही होतं. पण गहाणखत रजिस्टर झालेलं असेल तर कर्ज फिटल्यावर गहाणमुक्तीचा दस्तही रजिस्टर व्हावा लागतो. तो झाल्याशिवाय ईसीवरचा बोजा हलत नाही. त्यासाठी संस्थेच्या अधिकाऱ्याने स्वतः कचेरीत येऊन सही करायला हवी. संस्थेचे चेअरमन बदललेले, अधिकारी बदललेला, आमची फाईल जुन्या शाखेत. पत्र, ठराव, मग तारीख असं करत मार्च संपला. तुमचं जुनं कर्ज फिटलेलं असेल तर आजच ईसी काढून बघा, घर विकायचं नसलं तरी. ज्यांचं कर्ज आत्ता फिटतंय त्यांचं जरा बरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा. तिच्या बाजूने उशीर झाला तर बँकेने दिवसाला ५,००० रुपये द्यायचे.

दुसरं काम ई-खात्याचं, म्हणजे महापालिकेतल्या मिळकतीच्या ऑनलाइन उताऱ्याचं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून कर्नाटकातल्या शहरांमध्ये ई-खात्याशिवाय खरेदी-विक्रीचा दस्त नोंदलाच जात नाही. महापालिकेत खरेदीपत्र, ईसी, चालू वर्षाची घरपट्टी, विजेचं बिल, आधार आणि घराचा फोटो असं सगळं दिलं. आमचं अडलं ते नावावर. जुन्या कन्नड उताऱ्यात नवऱ्याचं आडनाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, पॅनवर तिसऱ्याच. तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून दिलं. सीमाभागातल्या मराठी घरांत हा घोळ सर्रास असतो. तेव्हा आधार, पॅन, उतारा आणि खरेदीपत्र एका ओळीत मांडून अक्षरन् अक्षर ताडून बघा. एप्रिलच्या अखेरीस ई-खाता हातात आला.

या सगळ्यात तीन महिने गेले, पण दुसऱ्याचे कागद कसे बघायचे ते आपोआप समजलं. पुढे एजंट 'कागद क्लिअर आहेत हो' म्हणाला की मी एवढंच म्हणायची, 'ई-खाता आणि ईसी व्हॉट्सअॅपवर टाका, मग घर बघायला येते.' निम्मी घरं तिथेच गळाली.

घरं बघणं मार्चपासून चालू होतं. गणेशपूर-हिंडलगा बाजूला घरं मोकळी, हवा छान, भावही शहरापेक्षा जरा कमी. पण हा भाग ग्रामपंचायतीचा, म्हणजे तिथे महापालिकेचा खाता नाही. ई-स्वत्तू या ग्रामपंचायत मिळकतींच्या वेबसाइटवरचा नमुना ९ आणि ११ बघायचा. त्यात ११-अ असेल तर ठीक. ११-ब म्हणजे जागा रीतसर बिगरशेती किंवा मंजूर ले-आउटमधली नाही, आणि अशा घरावर कर्ज द्यायला बँका कां-कू करतात. आम्हाला आवडलेलं एक घर ११-ब निघालं. घरमालक भला माणूस, काही लपवलं नाही त्याने. म्हणाला, 'आम्ही वीस वर्षं राहतोय, कुणी काही विचारलं नाही.' खरंच असेल. पण आम्हाला कर्ज काढायचं होतं.

अनगोळ, वडगाव बाजूला तर बाँडवरचे प्लॉट भरपूर. शेतजमिनीचे गुंठे पाडून स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेले. त्यावर घरं उभी, वीज आलेली, गल्लीला नावसुद्धा. ज्यांची हयात अशा घरात गेली त्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. परवडत होतं तेच लोकांनी घेतलं. पण एक घर विकून आलेला पैसा अशा ठिकाणी अडकवणं वेगळं. अक्रम-सक्रमची, म्हणजे बेकायदा बांधकामं नियमित करून देण्याच्या योजनेची, आशा एजंट अजूनही दाखवतात. ती योजना २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, तेव्हापासून ती अडकूनच आहे. 'हलगा-मच्छे बायपास झाला की भाव दुप्पट' हे दुसरं पालुपद. आम्हाला राहायचं होतं, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

शहापुरात एक जुनं कौलारू घर बघितलं. सागवानी खांब, मागे परसू, विहीर. सासूबाई खुर्चीतून उठायलाच तयार नव्हत्या. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बाकीचं बेळगाव मुंबई इलाख्यात. त्यामुळे तिथले जुने कागद संस्थानी, काही तर मोडीत. १९५६ पर्यंतचे बाकीचे मराठीत, नंतरचे कन्नडमध्ये. कागद वाचून घ्यायला माणूस मिळाला, अडचण निघाली ती वारसांची. घर तीन भावांच्या नावावर आणि दोन बहिणींचं कुठे नावच नाही. कर्नाटकात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क मिळाला तो १९९४ मध्ये, केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्याही आधी. भाऊ म्हणाले, 'बहिणींचं काही म्हणणं नाही.' आमचे वकील म्हणाले, 'मग त्यांना दस्तावर सही करायला सांगा.' एक बहीण कोल्हापूरला, ती राजी होती. दुसरी इचलकरंजीची, तिचं आणि भावांचं बोलणंच बंद. आम्ही हात जोडून बाहेर पडलो. ते घर अजून तसंच आहे म्हणे.

मधल्या काळात आमचा फ्लॅट बघायलाही लोक येत होते. पहिल्याच आल्या त्या बाईंनी नमस्कार-चमत्कार झाल्यावर स्वयंपाकघराच्या सिंकखालचं दार उघडलं, वाकून पाइपला हात लावला आणि बोटं नाकाशी नेली. मग संडासात जाऊन फ्लश ओढला आणि टाकी भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघत उभ्या राहिल्या. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी महांतेशनगरात घर बघायला गेले तेव्हा मी तेच सगळं केलं. सिंकखाली बुरशी होती.

मे महिन्यात विहिरी आणि बोअर बघून घ्या. पाणी राकसकोप आणि हिडकलचं येतं, पण ते दिवसाला येतं की चार-आठ दिवसांनी, हे गल्लीगल्लीवर आहे. शहराच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, तिथे घरमालक ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगतो. बाकी ठिकाणी शेजारच्या घरात जाऊन विचारायचं. आवडलेलं घर पुन्हा बघायचं ते जुलैत. हे आम्ही ठरवूनच ठेवलं होतं. वडगावात बळ्ळारी नाल्याच्या अंगाला एक घर एप्रिलमध्ये फारच आवडलं होतं. नवं, हवेशीर, सगळे कागद चोख, मागे बासमतीची शेतं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात गेलो तर रस्त्यावर तांबडा चिखल आणि शेतांचं तळं. शेजारची म्हातारी दारातच बसलेली. ती म्हणाली, 'नाला भरला की हितपर्यंत पाणी येतंय बघ गं बाई. मागच्या दाराला पोती लावतोय आम्ही.' मालक आत चहा टाकत होता. चहा घेतला आणि निघालो.

त्याच महिन्यात फ्लॅटला गिऱ्हाईक ठरलं, ३८ लाखांना. आधी विकायचं की आधी घ्यायचं, यावर आमच्या घरात बरेच वाद झाले. शेवटी मधला मार्ग काढला. फ्लॅटचा संचकार (इसारा) घ्यायचा, पण मुदत लांब. संचकारपत्रात लिहिलं की खरेदी नोव्हेंबरअखेरपर्यंत होईल आणि कबजा खरेदीनंतर एक महिन्याने. संचकार तीन लाख, चेकने. घेणारं जोडपं तरुण, भाड्याच्या घरात राहणारं. त्यांना घाई नव्हती. अशी मुदत मिळाली म्हणून भाड्याच्या घरात सामान हलवायची दुहेरी कटकट वाचली. त्यासाठी किमतीत लाखभर कमी घ्यावे लागले तरी परवडलं.

ऑगस्टमध्ये अनगोळचं घर सापडलं. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मंजूर ले-आउटमधला तीस बाय चाळीसचा प्लॉट, १९९५ चं आरसीसी बांधकाम, तळमजला आणि वर नंतर काढलेली एक खोली. मागे पत्र्याचं छप्पर घातलेली जागा. कपड्यांचा प्रश्न मिटला. मालक काका-काकू मुलाकडे पुण्याला निघालेले. आम्ही मुद्दाम भर पावसात, सकाळी गेलो. नवऱ्याने कपाटामागे हात घालून भिंत चाचपली, तळवा कोरडा निघाला. पश्चिमेच्या खिडकीखाली थोडी ओल होती आणि ती काकांनी आपणहून दाखवली. बाथरूमचा उंबरठा मात्र आमच्यापेक्षाही उंच. तो फोडून घेऊ असं ठरलं. मागणी ६६ लाखांची होती. पितृपक्ष तोंडावर आला की विकणारा जरा मऊ होतो, कारण त्या पंधरवड्यात कुणी संचकार देत नाही. गणपती बसलेले असतानाच ६२ लाखांवर नक्की झालं आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संचकारपत्र.

पण मधेच सरकारने नोंदणी शुल्क वाढवलं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून एक टक्क्याचं दोन टक्के झालं. ६२ लाखांवर म्हणजे थेट ६२ हजारांचा फरक. आमचा हिशेब असा झाला: मुद्रांक शुल्क पाच टक्के, म्हणजे ३,१०,०००. त्या रकमेवर दहा टक्के सेस आणि शहरी भागात दोन टक्के सरचार्ज, ३७,२००. नोंदणी शुल्क १,२४,०००. एकूण ४,७१,२००. याशिवाय दोन्ही व्यवहारांत एजंटला एकेक टक्का, वकिलांची सर्च रिपोर्टसह फी दहा हजार, बँकेची प्रोसेसिंग फी, आणि घरात आल्यावरची दुरुस्ती दीड लाख. जुनं घर विकून आलेली रक्कम नव्या घरासमोर मांडून मधला फरक म्हणजे आपल्याला लागणारा पैसा, असा हिशेब करू नका. त्यावर नव्या घराच्या किमतीच्या निदान दहा टक्के वर धरा.

संचकारपत्रात आम्ही दोन अटी घातल्या. कागदातल्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर संचकार परत. आणि काकांनी ई-खाता खरेदीच्या आधी करून द्यायचा, वरच्या खोलीसकट. ही दुसरी अट नसती तर आम्ही अजून कचेरीत हेलपाटे घालत असतो. वरची खोली घरपट्टीत लागलेलीच नव्हती. काकांना ती लावून, फरक भरून मग ई-खाता काढावा लागला, ऑक्टोबर उजाडला. मंजूर नकाशातही ती खोली नव्हती, त्यामुळे बँकेच्या माणसाने मूल्यांकन ५७ लाखांचं केलं. आम्हाला वीसच लाख हवे होते म्हणून अडलं नाही. ज्यांना किमतीच्या ऐंशी टक्के कर्ज हवं असतं, त्यांचं गणित इथे कोसळतं, कारण बँक टक्के लावते ते तिच्या मूल्यांकनावर.

कर्जाबद्दल दोन गोष्टी. पहिली, वय. २००४ साली वीस वर्षांची मुदत मिळाली होती. या वेळी नवरा बावन्न वर्षांचा, निवृत्तीपर्यंतचीच मुदत, म्हणून आठ वर्षं. वीस लाखांना आठ टक्क्यांनी महिन्याला साधारण अठ्ठावीस हजार हप्ता. व्याजदर तेव्हाच्या मानाने बरा (२०२५ मध्ये जूनपर्यंत रेपो दर तीनदा खाली आला होता), पण मुदत आखूड झाली की हप्ता मोठाच. दुसरी, सबसिडी. 'पंतप्रधान आवासमध्ये बसवून देतो' म्हणणारे भेटतील. देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर असेल तर त्या योजनेत बसता येत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच सोडा.

'थोडी रोख द्या, दस्तात कमी दाखवू' असं एजंटने सुचवलं. काकांना तो प्रकार नकोच होता, आम्हालाही. घराच्या व्यवहारात वीस हजारांपासून पुढे रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो, हे एक. दुसरं, ज्याने घर विकलंय त्याला कळतं ते असं. आमच्या इमारतीत काहींनी २००४ साली दस्तात कमी किंमत लावली होती. आता विकताना त्यांचा नफा कागदावर फुगून दिसतो आणि कर त्यावरच लागतो.

कराचं थोडक्यात सांगते. चोवीस महिन्यांहून जास्त ठेवलेलं घर विकलं की होणारा नफा दीर्घ मुदतीचा. आमचा ढोबळमानाने तीस लाख. त्यावर साडेबारा टक्के; २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा पर्यायही आहे. पण १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली तो नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर कर माफ होतो. विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घर घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत पैसे घरात गेलेले नसतील, तर ते बँकेतल्या भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावे लागतात. साध्या एफडीत ठेवून चालत नाही. आणि नवं घर तीन वर्षांत विकलं तर ही सवलत काढून घेतात.

दिवाळी झाल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस फ्लॅटचा दस्त झाला. एक नोव्हेंबरची सुट्टी, मग आमच्या दस्ताची तयारी. कावेरीवर मसुदा चढवायचा, कचेरीतून तपासून आला की शुल्क ऑनलाइन भरायचं, मग वेळ घ्यायची. दस्त कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, सरकारी कन्नड वाचताना दमछाक होते. म्हणून दस्तलेखकाच्या टेबलाशी बसून आदल्या दिवशी सगळा मसुदा मोठ्याने वाचून घेतला. चतुःसीमेत पूर्व आणि पश्चिमेची नावं उलटी पडली होती. तिथल्या तिथे दुरुस्त झाली. नोंदणीनंतर लक्षात आलं असतं तर चूक-दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागला असता.

किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो. २००४ साली हे प्रकरणच नव्हतं. विकणारे दोघं आणि घेणारे आम्ही दोघं, म्हणून फॉर्म २६क्यूबी चार भरावे लागले, प्रत्येकी १५,५००. बँकेला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती पूर्ण रकमेचा डीडी काढते आणि मग ६२ हजार विकणाऱ्याकडून परत मागण्याची पाळी येते.

दस्ताच्या दिवशी आम्ही अकराला पोचलो. बाराला सर्व्हर बसला. शिपाई म्हणाला, 'मॅडम, चहा पिऊन या, इतक्यात काय सुरू होत नाही.' काकू डब्यात धपाटे घेऊन आल्या होत्या. कचेरीच्या व्हरांड्यात दोन्ही पक्षांनी मिळून खाल्ले. तीननंतर बोलावणं आलं. फोटो, अंगठे. काकूंचा अंगठा यंत्राला पटेना. आयुष्यभर भांडी घासून रेघाच उरल्या नव्हत्या. यंत्रावरचा मुलगा पाण्याने धुऊन आणा म्हणाला, मग कोरडा करा म्हणाला, शेवटी दुसरं बोट चाललं. वयस्क विकणारे असतील तर सकाळची पहिली वेळ घ्या आणि हाताला आदल्या रात्री तेल किंवा क्रीम चोळायला सांगा. पाच वाजता बाहेर पडलो तेव्हा काका गप्प होते. किल्ली त्यांनी सासूबाईंच्या हातात दिली, आमच्या नाही.

डिसेंबरात राहायला आलो. खातेबदलाचा अर्ज तेव्हाच दिला. पण डिसेंबर म्हणजे सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन. ८ तारखेपासून निम्मे कर्मचारी तिकडच्या ड्युटीवर. कुठलंही सरकारी काम एक तर नोव्हेंबरच्या मध्याआधी उरका, नाहीतर थेट नव्या वर्षावर ठेवा. आमचा खाता जानेवारीच्या शेवटी बदलून आला आणि तो दाखवल्यावरच हेस्कॉमने मीटरचा अर्ज घेतला. पाण्याचं कनेक्शन नावावर करायला विकणाऱ्याचं संमतीपत्र लागतं. काका पुण्याला जायच्या आधी ते, हेस्कॉमचं आणि गॅसचं, अशी तिन्ही पत्रं सही करून घेतली होती, सोबत त्यांच्या आधारच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती.

आता राहिलं जुलैतलं रिटर्न. व्यवहार ३१ मार्च २०२६ च्या आत झाला म्हणून १९६१ चाच आयकर कायदा लागू. दोन्ही खरेदीपत्रं, २००४ चा मूळ दस्त (फ्लॅट घेणाऱ्यांना तो देण्याआधी प्रत काढून ठेवली), एजंटच्या पावत्या आणि २६क्यूबीची चलनं एका फाइलीत आहेत. सीएला फी विचारलीय, अजून सांगितली नाही त्यांनी.